उतरायचा सराव

आमच्या मुरबाडच्या कॉलेजात मुलींचा सायकल संघ निघाला, तो कुणाला सायकलीचं प्रेम होतं म्हणून नाही. क्रीडा शिक्षकांना एक दिवस विद्यापीठाच्या पत्रकात दिसलं की आमच्या झोनमध्ये मुलींच्या सायकल शर्यतीला जेमतेम पाच-सहा जणी येतात. कबड्डीत आमचं कॉलेज दर वर्षी पहिल्या फेरीत हरून दुपारच्या जेवणाला घरी असायचं. सरांचं म्हणणं, पाच-सहा जणींत पहिल्या तिघींत यायला फार तर सायकलवर बसता यायला हवं. ते स्वतः सायकलवर शेवटचे कधी बसले होते हे विचारायची कुणाची हिंमत नव्हती. मोटारसायकलवर बसून, मागून हॉर्न वाजवत ते आमचा सराव घ्यायचे.

त्याच महिन्यात राष्ट्रीय सेवा योजनेच्या मॅडमना गावोगाव करायला काहीतरी नवीन हवं होतं. वृक्षारोपण करून झालं होतं. त्याच खड्ड्यांत चौथ्यांदा झाडं लावताना खड्डेसुद्धा ओळखीचे वाटायला लागले होते. मॅडमनी ठरवलं की शाळकरी मुलींच्या नादुरुस्त सायकली दुरुस्त करायची शिबिरं घ्यायची आणि सोबत सायकलीच्या प्रचाराची रॅली काढायची. मुली दोघांना हव्या होत्या आणि तयार झालेल्या मुली सहा. शेवटी प्राचार्यांनी दोघांना समोर बसवून निकाल दिला की संघ एकच राहील. सकाळी शर्यतीचा सराव, दुपारी समाजसेवा, आणि दोन्हीकडे बॅनर एकच.

यातून कॅरियरचं प्रकरण सुरू झालं. आमच्या सगळ्यांच्या सायकली शाळेत असताना सरकारकडून मिळालेल्या. पुढे टोपली, मागे कॅरियर, आणि लोखंडात कुठेही काटकसर नाही. सर म्हणाले, वजन कमी करा. मग आम्ही टोपली, कॅरियर, स्टँड, मडगार्ड सगळं काढलं. दुपारी मॅडम म्हणाल्या, पंप, पाने, पंक्चरचं सामान आणि पाण्याचं घमेलं कशावर नेणार? मग कॅरियर लावलं. रोज सकाळी साडेसहाला काढायचं, दुपारी दीडला लावायचं. दर वेळी एखादा नट उरायचा आणि तो कुठला हे कुणालाच कळायचं नाही. वर्षअखेरीस मी दोन मिनिटांच्या आत कॅरियर काढायला लागले होते. विद्यापीठाने या प्रकारात शर्यत ठेवली असती तर आमचं कॉलेज देशात गाजलं असतं.

प्रचाराचंही सांगायला हवं. आमची मोठी मागणी होती की कॉलेजात सायकलींना छप्पर मिळावं. मोटारसायकलींना पत्र्याची शेड होती आणि सायकली मुतारीशेजारी उन्हात. आम्ही सह्या गोळा केल्या, निवेदन दिलं, प्राचार्यांसोबत फोटो काढला. तीन महिन्यांनी शेड झाली. वर ठळक अक्षरांत ‘फक्त सायकलींसाठी’ असा फलक लागला, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याखाली प्राचार्यांची गाडी उभी राहायला लागली. रॅलीच्या उद्‌घाटनाला आलेले पाहुणेही सहा गाड्यांचा ताफा घेऊन आले होते. त्यांनी झेंडा दाखवला आणि आम्ही त्यांच्याच गाड्यांच्या धुरातून पर्यावरण वाचवायला निघालो.

शिबिरं मात्र खरी होती. टोकावड्याच्या बाजूच्या गावांत आम्ही घराघरांतून सायकली बाहेर काढल्या. कुणाच्या सायकलवर गोधड्या वाळत असायच्या, कुणाच्या सीटवर कोंबडी रात्र काढायची. एका घरात तर सायकलच्या चाकावर तोंडल्याचा वेल चढवला होता आणि आजीबाई म्हणाल्या, तोंडली संपू दे, मग न्या. बिघाड बघावा तर साधा, ट्यूब गेलेली किंवा चेन गंजलेली. पण पंक्चरचं दुकान दहा किलोमीटरवर, आणि तोवर मुलगी नववीतून दहावीत गेलेली. दहावीतल्या मुलीने सायकल चालवलेली बरी दिसत नाही, हे घरोघरी ठरलेलं. आम्ही पंक्चर काढायचो. दुसऱ्या गोष्टीवर लावायला आमच्याकडे सोल्यूशन नव्हतं.

आता सूनबाईकडे येते. आमच्या वर्गात लग्न झालेली ती एकटीच, म्हणून सगळे तिला सूनबाई म्हणायचे. बारावीनंतर लगेच लग्न झालं होतं. सासर टोकावड्याच्या अलीकडचं, रस्त्यालगतचं गाव. नवरा भिवंडीच्या गोदामात कामाला, रविवारी घरी यायचा, आणि काहीही विचारलं की म्हणायचा, बाबांना विचार. ती रोज सासरहून कॉलेजला सायकलने यायची, कारण सकाळच्या एसटीचा भरवसा नव्हता आणि ती आली तरी थांबेल याचा तर मुळीच नव्हता. पहाटे उठून भाकऱ्या, पाणी, गोठा उरकून, वर चौदा किलोमीटर मारून ती सरावाला उभी राहायची, तेव्हा आमच्यातल्या दोघी-तिघी जांभया देत यायच्या. ती आम्हा सगळ्यांपेक्षा जोरात पळायची. मी दुसरी. हे ‘दुसरी’ लिहायला मला आजही जड जातं. मला हरायला आवडत नाही. कॅरममध्ये माझ्याशी कुणी खेळत नाही याचं तेच कारण आहे.

सूनबाईच्या गावात तिला एक नियम होता. गावातून जाणारा रस्ता मारुतीच्या पारासमोरून जातो आणि पारावर सकाळ-संध्याकाळ गावातली वडीलधारी मंडळी बसलेली असतात. त्यांत तिचे सासरेही. वडीलधाऱ्यांसमोरून सून सायकलवर बसून जात नाही. तिने पाराच्या अलीकडे उतरायचं, डोक्यावरून ओढणी घ्यायची, खाली मान घालून सायकल हातात धरून पार ओलांडायचा आणि पलीकडच्या पाण्याच्या टाकीपाशी परत बसायचं. जाताना एकदा, येताना एकदा. हे तिने मला पहिल्यांदा सांगितलं, तेव्हा ती हसत होती. मला काही हसू आलं नाही.

त्याचं कारण घरचं आहे. आम्ही मूळचे शहापूर तालुक्यातले. वडिलांची नोकरीत बदली झाली म्हणून मुरबाडला आलो. आजोबा कसाऱ्याला रेल्वेत लागले आणि साठवून साठवून त्यांनी सायकल घेतली, आमच्या वस्तीतली पहिली. गावाच्या वरच्या आळीतून जाताना त्यांना सायकलवरून उतरायला लावायचे. आम्ही बौद्ध झालो त्यालाही तेव्हा बरीच वर्षं झाली होती, पण वरच्या आळीला ते कुणी कळवलं नसावं. एक दिवस आजोबा उतरले नाहीत. पुढे काय झालं हे आमच्या घरात प्रत्येक जण वेगळं सांगतो. आत्याच्या सांगण्यात आजोबांनी चौघांना लोळवलं, वडिलांच्या सांगण्यात दोघांना, आणि आजी म्हणायची, लोळवलं-बिळवलं काही नाही, मार खाऊन आले, पण दुसऱ्या दिवशीही उतरले नाहीत. मला आजीचं खरं वाटतं.

तर सूनबाईला मी म्हणायचे, “एक दिवस उतरू नको. काय करतील?”

ती म्हणायची, “तुला काय जाता गो बोलायला. तू जाशील मुरबाडला. मला परत त्याच पारावरून घरी जायाचा हाय.”

यावर मी चिडायचे. आमच्या रॅलीत एक पथनाट्य होतं, मीच लिहिलेलं आणि त्यामुळे अतिशय वाईट. त्यात पारावरचा म्हातारा सूनबाई करायची. डोक्याला टॉवेल, काजळाच्या मिशा, हातावर तंबाखू मळत ती सासऱ्यांच्या आवाजात ओरडायची, “ए पोरी, खाली उतर आधी!” लोक हसून लोळायचे. तिच्या गावात मात्र आम्ही ते पथनाट्य कधी केलं नाही.

डिसेंबरात झोनची शर्यत मुरबाडला ठरली. पहिल्या येणाऱ्या मुलीला विद्यापीठाच्या संघात जागा, जागा एकच. आमच्यासाठी ती एक मेडलची गोष्ट होती. सूनबाईसाठी नव्हती. सासरे तिला दुसऱ्या वर्षानंतर घरी बसवणार होते. तिने महिनाभर विनवण्या केल्यावर त्यांनी पारावरच, चारचौघांसमोर शब्द दिला होता, “विद्यापीठाच्या संघात गेली तर तिसरा वरीस करू दे. नाय तर दुसरा झाला का बास. भाकऱ्या थापायला बीए लागत नाय.” माणूस शब्दाचा पक्का होता. चांगल्या शब्दालाही आणि वाईट शब्दालाही. त्यामुळे पहिली आली तर पदवी, नाहीतर भाकऱ्या, इतकं ते सरळ होतं आणि आम्हा सहाही जणींना ते पाठ होतं.

हायवेचं काम चालू असल्यामुळे शर्यतीचा मार्ग आतल्या रस्त्याने आखला होता. मुरबाडहून निघायचं, आतल्या गावांतून टोकावड्याच्या दिशेला जायचं आणि वळून परत. येताना सूनबाईच्या गावातून यायचं होतं. आम्हाला त्यात आनंदच झाला. गावची सून गावातून पहिली जाणार, यापेक्षा चांगलं काय? सर तर म्हणाले, होम ग्राउंडचा फायदा.

सकाळी एकूण बारा जणी उभ्या राहिलो. आयोजकांनी हलकी हेल्मेटं वाटली आणि पाठीला लावायला कागदी नंबर दिले. सूनबाईला अकरा, मला बारा. एका कॉलेजची मुलगी गिअरच्या सायकलवर आली होती. तिची सायकल बघून आमच्या सरांचा चेहरा पडला. पण पहिल्याच चढाला तिची चेन पडली आणि ती परत कशी चढवायची हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. ती रस्त्यात उभी राहून रडायला लागली. मी शेजारून सुसाट गेले. सूनबाई पुढे होती, तरी तिने मागे वळून ओरडून सांगितलं, “अगो, चेन खालच्या दात्यावर धर, पेडल उलटा फिरव, उलटा!” त्या मुलीने फिरवलं आणि ती शेवटी चौथी आली.

वळणावर सूनबाई माझ्यापुढे चांगली शंभर-दीडशे पावलं होती. मी जीव तोडून मारत होते आणि अंतर तेवढंच राहत होतं. परतीला मी मनातल्या मनात दुसरा नंबर मान्य करून टाकला होता आणि त्याचं मला वाईटही वाटत नव्हतं. मैत्रिणीची पदवी आहे, हरायचं तर याच शर्यतीत हरावं, असा मोठा विचार मी करत होते. मागे असताना माणसाला असे मोठे विचार सुचतात.

मग तिचं गाव आलं. पारावर ही गर्दी. म्हातारी मंडळी स्वच्छ टोप्या घालून उभी, बायका कडेला, शाळा सोडून पोरं आलेली. सासऱ्यांच्या हातात चक्क नारळ होता. सून पहिली येतेय हे त्यांना फोनवरून कळलं होतं आणि ते तिचीच वाट बघत होते. लोक टाळ्या वाजवायला लागले.

आणि सूनबाई उतरली.

मी मागून बघत होते. आधी मला वाटलं पंक्चर झालं. तिने ब्रेक दाबला, पाय टाकला, एक हात हँडलवर ठेवून दुसरा डोक्याकडे नेला, ओढणी पुढे ओढायला. तिथे ओढणी नव्हती, हेल्मेट होतं. हात हेल्मेटवर दोनदा घसरला. मग मान खाली घालून, सायकल हातात धरून ती पारासमोरून चालायला लागली, भरभर, अगदी रोजच्यासारखी.

क्षणभर कुणालाच कळेना. मग सगळा पार एकदम ओरडला. “अगो बस! बस सायकलवर!” सासऱ्यांचा आवाज सगळ्यांत मोठा, “चालते काय? पळव, पळव!” ती तो आवाज ऐकून आणखी खाली मान घालून आणखी भरभर चालायला लागली. सासऱ्यांचा आवाज चढला की काय करायचं हे तिच्या पायांना पाठ होतं. तिने मला नंतर सांगितलं की उतरल्याचं तिला टाकीपाशी पोचल्यावर कळलं.

आता माझं. मी पाराजवळ पोचले तेव्हा ती अर्ध्यावर होती. मी पेडल मारायची थांबले. सायकल आपोआप चालली होती, आणि तेवढ्या वेळात मी थांबू शकले असते. मी तिला हाक मारू शकले असते. “बस गो” एवढं म्हणायला किती वेळ लागतो? त्याच अर्ध्या मिनिटात मला पुढचा रिकामा रस्ता दिसला. त्यावर कुणी नव्हतं. मी सीटवरून उठले आणि पूर्ण जोर लावून तिच्या शेजारून निघून गेले. हाक मारली नाही. तिने टाकीपासून परत सायकल मारली ती अशी मारली की मुरबाडात शिरताना तिचं पुढचं चाक माझ्या मागच्या चाकाला लागायला आलं होतं. आणखी एक किलोमीटर असता तर ती गेली असती. नव्हता.

मला मेडल मिळालं, हार मिळाला, सरांनी मला उचलायचा प्रयत्न केला आणि अर्ध्यात सोडून दिला. सूनबाई आली, माझा हात हातात घेऊन म्हणाली, “चांगली मारलीस गो,” आणि मग विचारलं, माझं कॅरियर कुणाकडे आहे, घरी न्यायचंय. मी कॅरियर लावून दिलं. नेहमीच्या दोन मिनिटांऐवजी दहा लागली. मला स्वतःची लाज वाटत होती. ती आजही वाटते.

तिसऱ्या दिवशी मी सरांकडे जाऊन म्हटलं, माझ्या जागी तिला पाठवा. सर म्हणाले, नियमाने पहिली ती पहिली, असं काही करता येत नाही. खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं. मागायचं पुण्य मिळालं आणि जागाही राहिली. विद्यापीठाच्या शर्यतीला मी गेले, तिथे मागून चौथी आले, आणि सूनबाई असती तर कितवी आली असती हे परतताना एसटीत सगळा वेळ मनात मोजत बसले.

सूनबाईच्या घरी सासरे तिच्याशी बोलायचे थांबले होते. गावभर शोभा केलीस, एवढं एकदाच म्हणाले. दुसऱ्या वर्षाची परीक्षा द्यायची, मग बास, हे कायम. ती कॉलेजला येत राहिली, पारासमोर उतरत राहिली. प्रत्येक वेळी पारावर कुणीतरी म्हणायचं, आता कशाला उतरतेस, नाय उतरायचा तेव्हा उतरलीस. तरी उतरायलाच लागायचं.

जानेवारीत मॅडम शिबिराच्या गावांची यादी करत होत्या. मी तिचं गाव त्यात घालायला लावलं. दुरुस्तीला सावली हवी म्हणून आम्ही पाराखालीच पोतं पसरलं. वर मंडळी बसलेली, खाली आम्ही चाकं उघडून. सूनबाई आमच्यासोबत होती, पण सासरचं गाव म्हणून ओढणी घेऊन, खाली मान घालून ट्यूब घासत होती. आम्ही येताना सायकलींवर बसूनच आलो, हे मंडळींनी नीट बघितलं होतं. बाहेरच्या मुलींना नियम नव्हता.

वरून एकाने विचारलं, “हीच काय रे ती पयली आलेली?”

सासरे म्हणाले, “हीच. बघा, ही नाय उतरली. पोरीला समजता, कुठं काय करायचा. आमची बघा.” सूनबाईला ऐकू जावं म्हणूनच ते बोलले होते. तिने मान वर केली नाही.

मी उठले. हाताला ग्रीस, हातात पाना. मला राग आला की माझा आवाज बारीक होतो आणि शब्द भराभर येतात. म्हटलं, “काका, तुमची सून रोज दोन टायमाला उतरते. दीड वरीस तुमी तिला उतरायचा सराव दिला. आमी सहा महिने चालवायचा दिला. तुमचा सराव जास्त पक्का निघाला, त्यात तिची काय चूक?”

मॅडम माझी ओढणी मागून खेचायला लागल्या. पण सुरू झालं होतं.

“आणि मला शाबासकी देऊ नका. पुढे तीच होती. मी मागून आले, ती चालताना बघितली, अन् गेले. थांबायला मला येत होता. मी नाय थांबले. पयली तीच हाय.” हे चारचौघांत बोलायचं मी ठरवलेलं नव्हतं. मग म्हटलं, “माझ्या आजोबांना पण असाच उतरवायचे. उतरवणाऱ्यांकडे दुसरा कारण होता. पाय तेच दुखतात.”

शेवटचं वाक्य म्हणताना मी रडत होते. ग्रीसचे हात डोळ्यांना लावता येईनात, त्यामुळे मोठी मजा झाली असेल. सूनबाई उठून आली आणि तिने स्वतःच्या ओढणीने माझं नाक पुसलं, सासऱ्यांसमोर, डोक्यावरची ओढणी काढून.

मग, कुणालाच काही बोलायचं सुचत नसलं की म्हातारी माणसं जे करतात ते पारावरच्या मंडळींनी सुरू केलं, नियमावर चर्चा. एक म्हणाले, अँब्युलन्सवाला कुठं उतरतो? दुसरे म्हणाले, नवरदेव घोड्यावरनं उतरतो ना मारुतीसमोर. तो पाया पडायला उतरतो, तिसऱ्यांनी सांगितलं, मारुतीसाठी, तुझ्यासाठी नाय. मग घोडा उतरतो का यावर बराच वेळ गेला. बैलगाड्याच्या शर्यतीत गाडीवान उतरला तर काय होईल, असं एकाने विचारलं आणि सगळे हसले. सासरे मात्र हसले नाहीत. ते बराच वेळ तळहातावर तंबाखू मळत बसले आणि ती तोंडात न टाकता फेकून दिली.

“शर्यतीत नाय उतरायचा,” ते म्हणाले. “हे मी आधी सांगायला पायजे होता. माझा चुकला. शर्यतीत असला माणूस, तर उतरायचा नाय. ठरला.”

बाकीच्यांनी माना हलवल्या आणि नियमाला दुरुस्ती मंजूर झाली. तिसऱ्या वर्षाचं कुणी काही बोललं नाही. आम्ही नऊ सायकली दुरुस्त करून, दोन नट उरवून परत आलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी सूनबाई सरावाला आली ती पाठीवर अकरा नंबर लावून. शर्यतीचा तोच कागद, सेफ्टी पिनांनी पंजाबी ड्रेसला टोचलेला. मी विचारलं, हे काय?

ती म्हणाली, “शर्यतीत हाय मी. नाय उतरली आज.”

पारासमोरून ती सायकलवर बसून आली होती. मंडळी नुसती बघत राहिली. एकाने तोंड उघडलं तेवढ्यात सासऱ्यांनी त्याच्या मांडीवर हात ठेवला, असं तिला वाटलं. खात्री नव्हती, कारण ती जोरात होती. संध्याकाळी परत जाताना तिने नंबर परत लावला. रोज लावायला लागली. भाजी आणायला जाताना, दळण घेऊन येताना, कॅरियरवर गव्हाचा डबा आणि पाठीवर अकरा. कागद आठवड्यात फाटला. मग मी आमच्या रॅलीचा जुना फ्लेक्स कापला, मागच्या पांढऱ्या बाजूवर नेलपेंटने अकरा काढला आणि चार कोपऱ्यांना नाड्या शिवल्या. आतल्या बाजूला कुठल्याशा पाहुण्यांच्या अर्ध्या मिशा आल्या, त्या तिच्या पाठीला लागून राहायच्या. कॉलेजात मुलं विचारायची, आज कसली शर्यत? ती सांगायची, तीच चालू आहे. गावातली दहावीतली एक मुलगी माझ्याकडे येऊन हळूच विचारून गेली, ताई, मला तेराचा मिळेल का?

परीक्षा झाली, निकाल लागला. सूनबाई पास झाली, माझ्यापेक्षा चार टक्के जास्त घेऊन, आणि यावेळी मला त्याचा राग आला नाही. जूनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या प्रवेशाचा शेवटचा दिवस आला तरी तिचा फोन नाही. मी दुपारी सायकल काढली आणि तिच्या गावी गेले. घर बंद होतं. पारावर सासरे एकटेच बसले होते. मी खाली सायकल लावली. त्यांनी बाजूला सरकून जागा केली. मी बसले. आम्ही दोघेही रस्त्याकडे बघत राहिलो.

थोड्या वेळाने मुरबाडच्या बाजूने सूनबाई येताना दिसली. पाठीवरचा नंबर वाऱ्याने फडफडत होता, कॅरियरवर कागदांनी भरलेली प्लॅस्टिकची पिशवी होती. ती पारासमोरून गेली, मला बघून हात केला, थांबली नाही, पुढे घराकडे वळली. तिच्या मागून एक टेम्पो आला. ड्रायव्हरने पारापाशी गाडी हळू केली आणि खिडकीतून डोकं काढून सासऱ्यांना विचारलं, “काका, शर्यत हाय का आज? रस्ता बंद तर नाय ना पुढं?”

“शर्यत हाय,” सासरे म्हणाले. “रस्ता चालू हाय.”

“कुठवर हाय शर्यत?”

सासऱ्यांनी तंबाखूवर दोन टाळ्या मारल्या, चिमूट तोंडात टाकली, आणि ड्रायव्हरकडे न बघता माझ्याकडे बघून म्हणाले, “तिसऱ्या वर्षाच्या परीक्षेपत्तर.”